नवे टायर टाकूनही पावसात मागची बाजू सुटते? जुन्या स्पोर्ट्स कारचं नेहमीचं दुखणं

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना, घरात रोजची दुसरी गाडी असल्यामुळे ही वर्षभरात थोडीच फिरणारी. मालक सांगतो, "टायरांवर पैसे घालून दमलो, पण पहिला पाऊस पडला की यवतेश्वरच्या वळणांवर मागची बाजू जागा सोडतेच." दर दोन-तीन वर्षांनी टायर बदलले जातात, उन्हाळा मजेत जातो आणि जूनमध्ये पुन्हा तेच गाऱ्हाणं. मग कुणी शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बदलतो, कुणी सस्पेन्शन उघडायला लावतो, कुणी गाडीच विकायला काढतो.

माझं काम साताऱ्यात अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं. अशा गाड्या मोजक्याच येतात, पण आल्या की बहुतेकींचं दुखणं एकाच जागी सापडतं. टायर निवडताना गाडीला काय लागतं हे कुणी बघितलेलं नसतं. दुकानात काय शिल्लक आहे, त्यावर निवड झालेली असते. मालकाला वाटतं टायर आपण निवडले. खरं तर ते गोदामाने निवडलेले असतात.

कऱ्हाडच्या एका डॉक्टरांच्या गाडीवरून सांगतो, म्हणजे नीट कळेल. मर्सिडीजची पहिल्या पिढीची एसएलके, कारखान्याच्या भाषेत आर १७०. १९९६ ते २००४ या काळात बनलेली, बटण दाबलं की पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत बसतं, ती. या गाडीला पुढे आणि मागे वेगवेगळे साइज लागतात: पुढे २०५/५५ आर १६, सात इंची रिमवर, मागे २२५/५० आर १६, आठ इंची रिमवर. (पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचा व्यास इंचात.) पोर्शची जुनी बॉक्सस्टर, म्हणजे ९८६, सोळा इंची चाकांवर असेल तर तिच्या टायरचे साइजही हेच, रिमची मापं मात्र वेगळी. त्यामुळे रिम आणि बोल्टांचे आकडे सोडून पुढचं बरंचसं तिलाही लागू आहे.

गोम इथे आहे. २०५/५५ आर १६ हा साइज कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो, कारण व्हर्टस आणि स्लाव्हियासारख्या आजच्या सेडानना तोच लागतो. पोवई नाक्यावर उभं राहून दोन फोन केले तरी संध्याकाळपर्यंत चार टायर हजर होतात. २२५/५० आर १६ चं तसं नाही. आजच्या नेहमीच्या गाड्यांना तो लागत नाही, म्हणून दुकानदार ठेवत नाही. त्यात जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'निर्बंधित' केली. परवान्याशिवाय बाहेरून टायर आणता येईना. इथे बनणाऱ्या साइजना त्याचा फारसा धक्का बसला नाही. पण जे साइज बाहेरूनच यायचे, ते शोधणं आणखी जिकिरीचं झालं.

मग होतं काय? मालक दुकानात जातो, पुढचे दोन मिळतात, मागचे मिळत नाहीत. दुकानदार म्हणतो, "मागच्यांची नक्षी अजून भरपूर आहे साहेब, पुढचे टाकून घ्या, मागचे आले की कळवतो." ते काही येत नाहीत. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच. पुढचे टायर दर वेळी ताजे, आणि मागचे आहेत तेच.

डॉक्टरांची गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा नेमकं हेच निघालं. पुढच्या दोन्हींवर तारखेचा आकडा १४२३. मागच्या डाव्यावर ३११५. उजव्याचा आकडा आतल्या बाजूला गेला होता; बॅटरी घेऊन गाडीखाली वाकलो, माती पुसली तेव्हा ०९१७ दिसला.

"डॉक्टर, पुढचे २०२३ चे आहेत. मागचे?"

"सगळे एकदमच घेतले होते ना… नाही, थांबा. मागचे राहिले होते. पण नक्षी बघा की, अर्धीसुद्धा झिजलेली नाही."

नक्षी खरंच अर्धीही झिजली नव्हती. पण अंगठ्याचं नख दाबलं तर पुढच्या टायरमध्ये थोडं रुतत होतं, मागच्यात खूणही उमटत नव्हती. नक्षीच्या खाचा बोटांनी फाकवून बघितल्या तर तळाशी केसासारख्या बारीक भेगा. वरून मात्र टायर काळाकुळकुळीत, पॉलिश मारून चकचकीत.

तारखेचा हा आकडा कसा वाचायचा ते एकदा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४२३ म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. पूर्ण ओळ बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूवर असते, त्यामुळे बाहेरून दिसली नाही तर गाडी उचलून आतून बघावं लागतं. तीनच आकडे सापडले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. त्यावर गाडी गल्लीच्या बाहेरसुद्धा नेऊ नका.

रोजच्या गाडीचा टायर झिजून संपतो. शौकाच्या गाडीचा टायर वयाने संपतो, नक्षी तशीच राहते. रबराचा हवेतल्या ऑक्सिजनशी आणि ओझोनशी सतत संबंध येतो, त्याने ते हळूहळू कडक होत जातं. हे थोपवण्यासाठी रबरात मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, तेव्हा ती आतून पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने कव्हरखाली उभी असेल तर ही हालचालच होत नाही आणि भेगा लवकर पडतात. म्हणजे 'कमी चालवली म्हणून टायर चांगले राहिले' हे निम्मंच खरं. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढे काही झालं तरी वापरू नका म्हणतात. ताकद मागच्या चाकांना असलेल्या आणि पावसात घाटात जाणाऱ्या गाडीला मी सहाचाच आकडा धरतो.

आता पावसात मागचीच बाजू का सुटते? पुढचे टायर घसरले तर गाडी वळणाबाहेर सरळ निघू पाहते. माणूस घाबरून पाय उचलतो, वेग कमी होतो, वजन पुढच्या चाकांवर येतं आणि पकड परत मिळते. मागचे घसरले की उलटं होतं. पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. म्हणून दोनच नवे टायर घेतले तर ते मागे टाका, असं टायर कंपन्याच सांगतात. साध्या गाडीत हे सोपं आहे, पुढचे मागे आणि मागचे पुढे. इथे साइजच वेगळे, त्यामुळे नवा जोड मागे जाऊच शकत नाही.

यातला खरा घोळ असा की दर वेळी पुढे नवे टायर टाकल्यावर गाडी थोडी जास्तच धोकादायक होते. पुढची पकड वाढली, मागची तीच राहिली. स्टिअरिंग नेहमीपेक्षा छान वागतं, माणसाला विश्वास वाटतो, वळणात थोडा जास्त वेग जातो आणि मागच्या कडक टायरांचं पितळ उघडं पडतं. डॉक्टरांना 'टायर बदलले की महिनाभर बरं वाटतं' असं वाटायचं त्याचं कारण हे. बरं वाटत होतं पुढून.

आणखी एक छोटी गोष्ट त्याच दिवशी सापडली. मागच्या चाकांत हवा ४० पीएसआय होती. गाडी उभी राहते, टायर एका जागी बसू नयेत म्हणून कुणीतरी वाढवून ठेवायला सांगितलं होतं. उभ्या गाडीला ते ठीक, पण बाहेर काढताना कमी करायचं राहून गेलं. अंगणात टायरच्या नक्षीवर आडवी खडूची रेघ मारली आणि गाडी सरळ थोडी पुढे घेतली. रेघ मधोमध पुसली गेली, दोन्ही कडांना तशीच शाबूत. म्हणजे टायरचा निम्माअधिक रुंदपणा रस्त्याला नीट टेकतच नव्हता. ही खडूची परीक्षा फुकट आहे, कुणीही करून बघावी. योग्य आकडा मर्सिडीजमध्ये पेट्रोलच्या झाकणाच्या आत छापलेला असतो, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. दोघंच बसणार की सामान भरून जाणार, त्यावर वेगळा. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना सारखीच हवा भरतो, त्याला आधी आकडे सांगा. हवा मोजायची ती टायर थंड असताना. खंबाटकी चढून आल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी पडेल.

मागचा साइज मिळत नाही, मग काय टाकू?

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिला जुगाड: मागेही २०५/५५ टाकून मोकळं व्हायचं. व्यास बघितला तर फसायला होतं, कारण दोन्ही साइज उंचीला जवळजवळ सारखेच आहेत. गणित सोपं आहे. रुंदीला टक्केवारीने गुणायचं, दुप्पट करायचं, त्यात रिमचा व्यास मिळवायचा. सोळा इंच म्हणजे ४०६.४ मिलीमीटर. २०५/५५ आर १६ चा व्यास येतो ६३२, २२५/५० आर १६ चा ६३१. दुकानदार म्हणतो, "बघा साहेब, फरक काहीच नाही." फरक रिममध्ये आहे. टायर-रिमच्या युरोपीय मानकाप्रमाणे २०५/५५ आर १६ साडेपाच ते साडेसात इंच रुंदीच्या रिमवर बसवायचा. मागची रिम आठ इंची आहे. टायर बसतो, हवाही धरतो, पण त्याच्या भिंती बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात आणि रिमची कड टायरच्या बाहेर उघडी पडते. महामार्गाच्या सहापदरीकरणात जिथे-तिथे वळणरस्ते आणि खड्डे झालेत, तिथे पहिला फटका त्या कडेला बसतो. शिवाय ज्या चाकांवर इंजिनाची सगळी ताकद येते तिथेच रबर कमी झालं. दुखण्यावर औषध द्यायच्या जागी दुखणं वाढवलं.

दुसरा जुगाड: २२५ मिळतंय ना, मग २२५/५५ आर १६ घ्या. रुंदी बरोबर, पण व्यास ६५४. पुढच्यापेक्षा साडेतीन टक्के जास्त. गाडीची मागची बाजू उचलल्यासारखी होते, ते सोडून द्या. ब्रेक मारताना चाक अडकू न देणारं एबीएस आणि ताकद दिल्यावर चाक जागीच गरगरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल चारही चाकांच्या फिरण्याचा वेग सतत एकमेकांशी ताडून बघतात. मागची चाकं कायमच हळू फिरताना दिसली की त्यांचा हिशेब बिघडतो. २१५/५५ आर १६ चंही तेच, व्यास ६४३, आणि तोही आठ इंची रिमवर बसायचा नाही. त्याची मर्यादा साडेसात इंच.

तिसरा: परदेशातून आलेले वापरलेले टायर. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात हवा तो साइज निघतो, नक्षीही दिसते. तारीख बघा म्हणजे कळेल की आपण एक म्हातारा टायर काढून दुसरा म्हातारा घालतोय. आत कुठे ठिगळ आहे, कधी कमी हवेवर पळवलाय, हे बाहेरून कळत नाही. या भानगडीत पडू नका.

मग सरळ रस्ता कोणता? माझा सल्ला क्रम उलटा करण्याचा आहे. आधी मागचा टायर शोधा. तो मिळेपर्यंत पुढचे घेऊच नका, कितीही स्वस्त मिळत असले तरी. पुणे, कोल्हापूर, मुंबईतल्या मोठ्या टायर दुकानांना साइज, लोडचा आकडा आणि वेगाचं अक्षर (ही दोन्ही काय ते पुढे येतं) लिहून पाठवा आणि थेट कंपनीकडे मागणी नोंदवायला सांगा. वाट बघावी लागते. कधी महिने जातात. गाडी तोवर कोरड्या रस्त्यावर हळू चालवा किंवा उभी ठेवा. मागचा टायर ज्या कंपनीचा आणि ज्या पॅटर्नचा मिळेल, पुढचा त्याच पॅटर्नचा घ्या. पुढच्या साइजमध्ये निवड भरपूर आहे, त्यामुळे जुळवून घेण्याचं काम पुढच्याने करायचं.

आणि घेताना तारीख बघाच. न खपणारा साइजच दुकानात पडून राहतो, त्यामुळे दुर्मिळ साइजचा 'कोरा' टायर चार वर्षांचा निघण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त. अंधाऱ्या, थंड गोदामातला टायर उन्हातल्यापेक्षा हळू म्हातारा होतो हे मान्य. तरी वर्षभराच्या आतला मिळाला तर सोन्याहून पिवळं, दोन वर्षांपर्यंत मी चालवून घेतो, त्यापुढे नाही. दोन्ही मागचे एकाच सुमाराचे हवेत. बिलावर आकडा लिहून घ्या. कुणी तोंड वाकडं केलं तर करू द्या.

दुसरा रस्ता सतरा इंचाचा. आर १७० ला कारखान्यातूनच पुढे २२५/४५ आर १७ आणि मागे २४५/४० आर १७ असा जोड यायचा. ताकदवान एसएलके ३२ एएमजीला हेच साइज आहेत. म्हणजे हा जुगाड नाही, कंपनीनेच मान्य केलेला पर्याय आहे. पुढच्या साइजला अडचण नाही, मागचाही सोळा इंचीपेक्षा लवकर हाती लागतो. फक्त रिम बदलाव्या लागतात, आणि तिथे दोन गोष्टी सांभाळा. बोल्टांची जागा ५ गुणिले ११२, आणि मधलं भोक ६६.६ मिलीमीटरचं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांच्या रिमलाही ५ गुणिले ११२ च असतं, पण भोक ५७.१, ती या गाडीच्या हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या मधल्या भागावर, बसणारच नाही. बाहेरच्या कंपनीची रिम घेतली तर तिचं भोक बहुतेक वेळा मोठं असतं, मग मध्ये बरोबर मापाची कडी घालावी लागते. ही कडी घातली नाही तर काय होतं ते पुढे येईल.

सतराला तोटाही आहे. टायरच्या भिंतीची उंची पुढे ११३ वरून १०१ मिलीमीटरवर येते, मागे ११२ वरून ९८ वर. गाडी जमिनीला जास्त चिकटून चालते, पण खड्डा थेट रिमला कळतो. फक्त महामार्ग आणि पाचगणी करणाऱ्याला चालेल. कासच्या पुढे बामणोलीकडे उतरायची हौस असेल, किंवा गाळपाच्या हंगामात कऱ्हाडच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते वाट्याला येत असतील, तर मी सोळाच ठेवीन. डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

टायरच्या अंगावर आणखी काय वाचायचं

साइजच्या पुढे '९१ व्ही' असं काही लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलायचं. ९२ म्हणजे ६३०. अक्षर वेगाचं: एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किलोमीटर ताशी. "एवढ्या वेगाने कोण जातंय हो इथं?" असा प्रश्न येतोच. जात नाही कुणी. पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता आणि ताण सहन करण्यासाठी बांधलेला असतो, आणि गाडी त्या बांधणीवर जुळवलेली असते. कंपनीने सांगितलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका, वर गेलात तरी चालेल.

कुठे कुठे 'एमओ' लिहिलेलं दिसेल. मर्सिडीजने तपासून मान्य केलेला टायर. पोर्शचं चिन्ह 'एन' आणि आकडा, बीएमडब्ल्यूचं तारा. जुन्या साइजमध्ये असा टायर मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर त्यापायी अडून बसू नका. आयएसआय चिन्ह मात्र हवंच. आपल्याकडे कारच्या टायरला आयएस १५६३३ हे मानक सक्तीचं आहे; ते नसलेला टायर कुठल्या वाटेने आला हे विचारायचीही गरज नाही.

'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो, २४०, ३४०, ५००. मोठा आकडा म्हणजे जास्त टिकणारा, साधारणपणे कडक. हा आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये. पण जी गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच फिरणार, तिला ५०० चा टायर कशाला? झिजायच्या आधी तो वयानेच जाणार आहे. टिकाऊपणाचे पैसे मोजून पकड गमावायची, हा उलटा व्यवहार. इथे मऊ टायर घेणंच शहाणपणाचं. त्याच्या शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, एए, ए, बी, सी. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरवलेलं असतं. वळणावर काय होईल हे ते सांगत नाही.

मऊ म्हणजे ट्रॅकवरचा जवळपास सपाट नक्षीचा टायरही नको. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. केळघर किंवा पसरणीच्या घाटात जुलैमध्ये रस्त्यावरून पाण्याचे ओहोळ वाहतात. पाणी बाहेर फेकायला टायरला गोल फिरणाऱ्या रुंद, खोल खाचा लागतात. कायद्याने १.६ मिलीमीटरपर्यंत टायर चालतो. खाचेतली छोटी उंचवट्याची खूण नक्षीच्या बरोबरीला आली की संपला. घाटात पावसात जाणाऱ्याने तिथपर्यंत वाट बघू नये, ३ मिलीमीटरलाच बदलावा.

टायर बरोबर घेतले, तरी काहीतरी राहिलंच

थरथर असेल तर आधी कधी होते ते बघा. गाडी बरेच दिवस उभी होती आणि पहिली काही किलोमीटर धडधडून मग शांत होते, तर टायर एका जागी बसले होते. गरम झाले की सुटतात, काळजी नको. ठरावीक वेगाला, समजा ९० ते ११० मध्ये, स्टिअरिंग थरथरतं आणि पुढे कमी होतं, तर बॅलन्सिंग. मशीनवर चाक फिरताना नुसते आकडे बघू नका, रिमची आतली कड डोळ्यांनी बघा. खड्ड्याने वाकलेली असते ती आतली बाजू, आणि ती बाहेरून कधीच दिसत नाही. बॅलन्सिंग करूनही थरथर जात नसेल आणि रिम बाहेरच्या कंपनीची असेल, तर हबवरची ती कडी आहे का बघा. कडी नसली की चाक बोल्टांच्या भरवशावर लटकतं, मधोमध बसत नाही. मशीनवर शून्य येतं, रस्त्यावर थरथरतं.

एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून बघा. ओढायची बाजू बदलली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर अलाइनमेंट किंवा अडकलेला ब्रेक. बाजूवर बाण असलेला टायर मात्र असा बदलता येत नाही. ज्यावर 'आउटसाइड' लिहिलंय त्याची ती बाजू बाहेरच हवी. घाईत उलटा चढवलेला टायर आमच्याकडे येतो आणि मालकाला पत्ताही नसतो. घेतल्याबरोबर चारही चाकांभोवती एक फेरी मारून हे शब्द वाचा.

आतली कड झिजतेय, ही तक्रार जरा मोठी आहे. सगळे कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या उभ्या तिरपेपणाला, बोल लावतात. गाडी खाली बसवलेली असेल तर कॅम्बर वाढतो हे खरं, पण एकटा कॅम्बर टायर इतक्या लवकर खात नाही. खातो तो टो. चाकं समोर बघण्याऐवजी किंचित बाहेर किंवा आत बघत असतील तर टायर प्रत्येक फेरीला थोडा आडवा घासला जातो. नक्षीवरून तळहात बाहेरून आत आणि आतून बाहेर फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला बोचरं लागलं तर टो बिघडलाय. मागच्या चाकांचाही टो असतो, आणि या गाडीत तो जुळवता येतो. "मागचं अलाइनमेंट नसतं" असं सांगणाऱ्याकडून गाडी घेऊन परत या, त्याला नेहमीच्या छोट्या गाड्यांची सवय आहे. चारही चाकांचं अलाइनमेंट करून मोजमापाचा कागद मागून घ्या.

अलाइनमेंटच्या आधी बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं, तपासा. वीस वर्षांच्या गाडीत चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कंट्रोल आर्मच्या, रबराचंही तेच झालेलं असतं जे टायरच्या रबराचं होतं. बुश सैल असेल तर उभ्या गाडीला आकडे बरोबर येतात आणि ब्रेक मारला की चाक आपली दिशा बदलतं. मग महिन्याभरात 'अलाइनमेंट टिकत नाही' म्हणून गाडी परत. डॉक्टरांच्या गाडीत मागच्या बाजूचे दोन बुश फाटलेले निघाले. ते बदलल्याशिवाय नवे टायर चढवायला मी नकार दिला, आणि त्यांना तो पटला. रुग्णाला आधी ताप उतरू दे मग ऑपरेशन, असं ते रोजच सांगत असणार.

त्यांना मागचे दोन २२५/५० मागणी नोंदवून मिळाले, वेळ लागला. पुढचे २०२३ चे चांगल्या अवस्थेतले होते, पण पॅटर्न वेगळा. ते काढून त्याच पॅटर्नचे घेतले, आणि निघालेला जोड त्यांच्या भावाच्या सेडानला बसला. साइज तोच असल्याचा एवढा फायदा झाला.

चाकं चढवताना एअर गनने बोल्ट आवळू देऊ नका. हाताने सुरुवात करून, किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या टॉर्क पान्ह्याने, समोरासमोरच्या क्रमाने, या गाडीला ११० न्यूटन-मीटर. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. नव्या टायरवर साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा पातळ थर राहिलेला असतो. तो निघून जाईपर्यंत पहिले दीडशे किलोमीटर जपून, ओल्या रस्त्यावर तर जास्तच. डिकीतल्या स्टेपनीची तारीखही बघून ठेवा, चारही बदलले तरी ती तिथेच राहते. आणि ती दोन्हींपैकी कुठल्या साइजची आहे तेही बघा, म्हणजे पंक्चर मागे झालं तर रात्री लिंब खिंडीत उभं राहून शोध लागायचा नाही.